सहा डिसेंबरला मी खुराड्यात होतो

२०२३ च्या सहा डिसेंबरला मी दादरला नव्हतो. पंचवीसेक वर्षांत पहिल्यांदाच. त्याआधीच्या दोन बैठकांनाही नव्हतो. पोरांनी फोन केले. काका, आजारी आहात काय? मी खरं ते सांगितलं. गावी आलोय, आक्काच्या कोंबड्यांना किडे झालेत, औषध चाललंय. पलीकडं जरा वेळ कोणी बोललं नाही. मग हसू. पुढच्या बैठकीत एकानं म्हणे जाहीर केलं, काकांनी चळवळ सोडली, आता कुक्कुटपालन करतात.

पोरांचा राग नाही. त्यांच्या वयात मीही हसलो असतो. हसलोच होतो, ते पुढं येईल. पण हिशेब द्यायला पाहिजे. संपादकांकडं जागा मागितली तर ते म्हणाले, कोंबड्यांवर? म्हटलं हो, कोंबड्यांवरच.

आमचं गाव निफाड तालुक्यात, येवल्याकडच्या अंगाला. २६ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन संविधान दिनाला, या भागात अवकाळी पाऊस आला आणि गारा पडल्या. द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. बागायतदाराचं नुकसान पेपरात आलं. बागेत रोजानं जाणाऱ्या बायांचं काम बुडालं, त्याचा पंचनामा नसतो. आक्का त्यातली. वय सहासष्ट. दाजी जाऊन चौदा वर्षं झाली, पोरगा भिवंडीला. काम नसलं की तिच्या हाताशी उरतात दोन शेळ्या आणि सतरा कोंबड्या. गावठी.

२७ च्या रात्री तिचा फोन. "भाऊ, कोंबड्या खुराड्यात जाईनात. एवढ्या गारठ्यात शेवग्यावर चढून बसत्यात. दोन बोक्यानं नेल्या. खुडूक बसवलेली अंडी टाकून उठली."

मी शहाणपणानं म्हणालो, मानमोडी असंल.

"मानमोडी मला शिकवू नको. माना सरळ हायेत. तुरे पांढरे पडल्यात."

तुरे पांढरे पडलेत म्हणजे अंगात रक्त नाही. हे तिनं फोनवर सांगितलं होतं, मला ते कळायला दुसऱ्या दिवशीची रात्र जावी लागली.

आक्काचं खुराडं चुलीच्या भिंतीला बाहेरून टेकवून बांधलेलं आहे. कमरेएवढं, मातीचं, वर पत्रा, पुढं फळीचं दार. चुलीची भिंत धरली ती उबेसाठी. आत बसायला बाभळीची आडवी काठी, दोन्ही टोकं भिंतीत रोवलेली. वारं शिरू नये म्हणून फटींत गोणपाट कोंबलेलं. आक्कानं दिवसा तीनदा बघितलं होतं, एकेकीचे पंख उलटून. अंगावर काही नाही. मी रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो आणि पांढरं फडकं काठीच्या खालच्या बाजूनं फिरवलं. फडक्यावर तांबडे ओरखडे उठले. काठी जिथं भिंतीत शिरते तिथं बॅटरी धरली, तर राखी-तांबडा थर हलत होता. खसखशीच्या दाण्याहून बारीक. असे हजारो.

आमच्याकडं सगळ्यालाच पिसवा म्हणतात. पिसू वेगळी, ऊ वेगळी. हा गोचिडाच्या गोतातला, आठ पायांचा. पुस्तकात याला तांबडा माइट म्हणतात. रात्री कोंबडी काठीवर बसली की फटीतून निघतो, पायांवरून चढतो, रक्त पितो, उजाडायच्या आत परत फटीत. भुकेला असला की राखी, प्याला की लाल. दिवसा कोंबडी कितीही तपासा, ती स्वच्छ दिसते.

इथं भाषण करायचा मोह होतो. रात्री रक्त पिणारे, दिवसा भिंतीत दडणारे वगैरे. मी आवरतो. तुमच्यात कवी पुष्कळ आहेत, ते लिहितीलच.

थंडीत किडे मरतात असं सगळे म्हणतात. उघड्यावर ते गारठून सुस्त होतात एवढं खरं. मरत नाहीत. रक्त नाही मिळालं तरी फटीत महिनोन् महिने जगतात. आणि इथं तर चुलीची भिंत! निफाडचा आकडा पेपरात येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा, तिथं पारा घसरला की शहरातली माणसं स्वेटर शोधतात. आक्काच्या चुलीमागं तो पारा कोणी लावलेला नाही. तिथं किड्यांना बाराही महिने उन्हाळा. त्यात थंडीची रात्र मोठी, कोंबड्या लवकर आत जाणार, उशिरा निघणार, एकमेकीला चिकटून बसणार. म्हणजे पंगतही मोठी. गारठा अडवायला कोंबलेल्या गोणपाटाच्या घड्यांत त्यांचीच वस्ती झालेली. वर पावसानं राखेचा खड्डा भिजून चिखल झाला. कोंबडी राखेत लोळते तो खेळ नसतो, ती तिची आंघोळ. तीच बंद झाली.

तो थर बघून मी खुराड्यापाशीच खाली बसलो. आक्काला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती.

१९७२ चा दुष्काळ. मी पाचवीत. आय-बा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आम्ही मिलो आणि सुकडी खायचो. घर एक खोलीचं. कोल्ह्याच्या आणि चोराच्या भ्यानं खुराडं घरातच, चुलीच्या कोपऱ्यात. थंडीत मी त्याला पाठ लावून निजायचो, ऊब यायची. सकाळी उठलं की अंगभर बारीक लाल पुरळ. दिवसभर खाजवायचो. मास्तरांनी सदरा वर करून बघितला आणि वर्गाला सांगितलं, "हा यांच्या वस्तीचाच रोग आहे. धुणं नाही, न्हाणं नाही." मला पडवीत बसवलं. तो अख्खा हिवाळा मी पडवीत होतो. बाबासाहेब शाळेत गोणपाटावर बसले हे आम्हाला पाठ होतं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती आणि मी दाराबाहेरून फळा बघत होतो. पोरं खरजुल्या म्हणायची. आमच्यातलीसुद्धा.

पण मला मास्तरांपेक्षा आय आठवते. त्या दुष्काळात, लांबून डोक्यावर आणलेल्या पाण्यात तिनं मला रोज न्हाऊ घातलं. कडुनिंबाचा पाला उकळून, वजरीनं घासून. रक्त निघेस्तोवर. मी ओरडायचो. ती घासता घासता रडायची आणि म्हणायची, माझंच चुकतंय, माझ्याच घरात घाण हाय. मग सगळं घर परत सारवायची. सारवण वाळलं की तडकतं. आता कळतं, तडकलेल्या सारवणाइतकी चांगली जागा त्या किड्यांना दुसरी नाही.

त्याच कोंबड्यांच्या अंड्यांवर माझ्या वह्या होत्या. आक्का तेव्हा पंधरा-सोळाची. तिसरीतून काढलेली. कोंबड्या तिच्याकडं, बाजारात अंडी नेणं तिच्याकडं. माझ्या मॅट्रिकच्या फीपर्यंत हे चाललं.

एका थंडीत बानं मळेवाल्याकडून पांढरी पावडर आणली. गमेक्झिन. आयनं ती कोंबड्यांच्या अंगावर आणि खुराड्यात हातानं फासली. दार लावलं, कारण थंडी. रात्रभर आम्ही त्या वासात निजलो. पहाटे आयला उलट्या. तीन तलंगा थरथरत आडव्या पडल्या, पाय झाडत मेल्या. बाकीच्यांच्या अंगावरचं गेलं का? गेलं. पंधरा दिवसांत परत आलं, कारण भिंतीत तसंच होतं. ती पावडर, बीएचसी, आपल्या देशात १९९७ ला बंद झाली. आम्ही तोवर पुष्कळ खाल्ली असणार.

आता माझ्या हसण्याचं सांगतो. १९८६ साली मी नाशिकला नोकरीला. नामांतराचे दिवस. १९७८ ला ठराव झालेला आणि १९९४ पर्यंत नाव काही लागायचं नव्हतं, तो मधला सगळा काळ सभा, पत्रकं, रात्रीचे प्रवास. एकदा गावी गेलो तर आय म्हणाली, कोंबड्यांना परत लागलंय रे, तू शिकलेला, काही औषध बघ. मी हसलो. म्हणालो, आय, जग कुठं चाललंय आणि तू कोंबड्या घेऊन बसली. ती गप्प बसली. त्याच वर्षी ऑफिसातल्या एकाकडं कोंबडीपालनाचं पुस्तक दिसलं, आईची आठवण झाली म्हणून चाळलं. त्यात होतं ते. रात्री बाहेर पडतो, फटीत राहतो, कोंबडीजवळ निजणाऱ्या माणसालाही चावतो, अंगावर पुरळ उठतं, पण माणसावर घर करत नाही. खरजेचा किडा निराळा, तो कातडीत बीळ करतो. हा नुसता चावून जातो. चिमण्या-पारव्यांच्या घरट्यांतूनही येतो. म्हणजे तो पाटलाच्या वाड्यातही असतो, जिथं कोंबडी आहे तिथं असतो. धुण्या-न्हाण्याशी त्याचा संबंध नाही.

मी पुस्तक मिटलं. आयला सांगायचं राहून गेलं. लपवलं नाही, विसरलोही नाही. फक्त ते सांगण्यासारखं वाटलं नाही. १९९१ ला ती गेली. आपल्या घरात घाण होती असंच समजून गेली.

म्हणून २८ नोव्हेंबरच्या रात्री खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं बिनचिठ्ठीची बाटली काढली. बागेतली उरलेली, कशावरची ते तिलाही ठाऊक नाही. पाण्यात कालवून एकेक कोंबडी बुचकळून काढायची असा तिचा बेत. आमच्या भागात घरोघरी अशा बाटल्या आहेत, कारण फवारणी आमचेच हात करतात. मी ती हिसकूनच घेतली. एक तर ते काय आहे माहीत नाही, आणि त्या कोंबडीची अंडी पोरं खाणार. दुसरं, थंडीत भिजवलेली कोंबडी औषधानं नाही तर गारठ्यानंच मरते. थंडीत कोरडं काम करायचं. आणि मुख्य काम कोंबडीवर नाहीच, खुराड्यावर आहे. हे दोन मुद्दे तिला पटवायला एक सकाळ गेली. मोर्चाला माणसं पटवणं सोपं.

मग कामाला लागलो. कोंबड्या डालग्यांखाली हलवल्या, डालगी आधी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली. गोणपाट, जुनं गवत, पेंढा सगळं बाहेर काढून जाळलं. बाभळीची काठी उपटली तर तिची टोकं आतून लाल. तीही जाळली. भिंतीच्या फटी खिळ्यानं खरवडून त्यांत कढत पाणी ओतलं. वाळल्यावर जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं डेल्टामेथ्रिन, बाटलीवर लिहिलेल्या मापानं, रिकाम्या खुराड्यात फटीफटींतून मारलं. तोंडाला फडकं बांधून. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही डॉक्टरांना विचारून घेतलं, हे न विसरता विचारायचं. औषध पुरतं सुकल्यावर दाट चुन्यानं फटी बुजवल्या. नवीन काठी भिंतीत रोवली नाही. चार खुंटांवर उभी केली, भिंतीपासून वीतभर लांब, आणि प्रत्येक खुंट पत्र्याच्या डब्यात, डब्यात गाडीचं जळकं ऑइल. आता भिंतीतून कोंबडीकडं यायचं तर पोहून यावं लागेल. आक्काला हे फार आवडलं. शेजारच्या बायांना बोलावून तिनं डबे दाखवले.

कोंबड्यांना दुपारच्या उन्हात कोरड्या राखेचा नवा खड्डा, वर पत्र्याचा आडोसा. राखेत थोडा धुरळणीचा गंधक, द्राक्षाच्या भुरीवर मारतात तो. एवढ्या द्राक्षांच्या गावात गंधक मागायला कमीपणा नाही. तो डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, आपल्याही आणि कोंबडीच्याही. माइटची दुसरी एक जात चोवीस तास कोंबडीच्या अंगावरच राहते, शेपटीखाली, तिथली पिसं काळपट चिकट दिसतात. ती थंडीत जास्त वाढते आणि तिच्यावर राख-गंधकाचा उपयोग होतो. आमच्याकडं ती नव्हती. दोन म्हाताऱ्या कोंबड्यांच्या पायांचे खवले उचललेले होते, तो तिसरा प्रकार. तिथं कोमट पाण्यानं पाय पुसून, लगेच कोरडे करून, खोबरेल चोपडायचं. खवले ओढायचे नाहीत.

खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या नव्या काठीला खालून बांधल्या. किड्यांना फट लागते, तर आपणच फट द्यायची. दोन दिवसांनी सोडून चुलीत टाकायच्या. पहिल्या पट्ट्या चुलीत चटचट वाजल्या.

सगळं झालं तरी झालेलं नसतं. औषधानं किडे मरतात, त्यांची अंडी राहतात. उबेत आठवड्यात नवी फौज तयार. म्हणून सात-आठ दिवसांनी परत, आणि त्यानंतर परत. पहिला हात २९ नोव्हेंबरला मारला. दुसरा सहा डिसेंबरला येत होता. तिसरा १३ ला. कॅलेंडरवर खुणा केल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आक्काच्या नाही आलं, कारण सहा डिसेंबरला ती कधीच कुठं गेलेली नव्हती.

फटी बुजवताना मी तिला पुरळाचं सांगितलं. पुस्तकातलं, पडवीचं, आयचं. सदतीस वर्षांनी. चुन्याचा हात तसाच ठेवून ती ऐकत होती.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"खुराड्यातलं चावतंय ते. मलाबी चावायचं. तुझ्यापरीस जास्त. मी तर तोंडच घालायची आत, अंडी काढाया."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? मी शाळेत थोडीच व्हते मला पडवीत बसवाया."

आणि परत चुना भरायला लागली.

मला आमचा आजा आठवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला तो येवल्याला पायी गेला होता, बाबासाहेबांना ऐकायला. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यानं आपल्या कानांनी ऐकलं. आमच्या घराण्याची ती मोठी गोष्ट, मी शंभर व्यासपीठांवर सांगितलीय. त्या रात्री आजीनं कोंबड्या झाकल्या, एवढं त्या गोष्टीत नाही. १९५६ नंतर आमच्या घरातून मरीआई गेली, तिचा कोंबडा वाचला. आजी म्हणायची, बाबासाहेबांनी आधी आमचा कोंबडा सोडवला. खात आम्ही होतोच, पण आमच्या मनानं.

मी आक्काला विचारलं, दादरला का गेली नाहीस कधी? वस्तीतल्या बाया जातात.

"कोंबड्या कोण झाकंल?"

हे तिनं दरवर्षी सांगितलं असेल. मला, दाजींना, पोराला. आम्ही सगळे ऐकून गाडीत बसलो.

म्हटलं, मी झाकतो.

तिला खरं वाटेना. दोन दिवस घोळ घातला. शेळ्यांचं, पुठ्ठ्यांचं, डब्यांतल्या ऑइलचं सगळं तीनदा सांगितलं. पाच तारखेला दुपारी वस्तीतल्या बायांबरोबर निघाली. पांढरं लुगडं, पिशवीत भाकरी, चटणी आणि सहा उकडलेली अंडी. आमच्या कोंबड्यांची नव्हेत, औषधाचे दिवस चालू होते, विकत आणलेली. याची तिला लाज वाटत होती.

सहा तारखेला मी एकटा. सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना घेतली आणि सरळ येऊन खुराड्यात शिरलो. बासष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यांवर, तोंडाला फडकं, हातात पंप. पोरांचा फोन तेव्हाच आला. संध्याकाळी कोंबड्या अंगणात उभ्या. शेवग्याकडं बघतायत, दाराकडं बघतायत. मी दाणे टाकले, काहीच बोललो नाही. दिवस मावळल्यावर म्हातारी कोंबडी आधी आत गेली. मग एकेक. मोजल्या, पंधरा. दार लावलं.

आक्का सात तारखेला उन्हं चढल्यावर आली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. किती गर्दी, किती रांग, कुठल्या कुठल्या बाया भेटल्या, रांगेत आठ तास उभी राहून पाय कसे सुजले, हे ती पुढं महिनाभर सांगत होती. पण त्या सकाळी काही बोलली नाही. पिशवी ओट्यावर टाकली आणि तशीच खुराड्यापाशी गेली. वाकून आत हात घातला, त्या पांढऱ्या लुगड्याच्या पदराचं टोक काठीच्या खालून इकडून तिकडं ओढलं. बाहेर काढून उन्हात धरलं. डोळ्याजवळ नेलं.

"अजून दोन हायेत," ती म्हणाली. "तेराला काठी मी काढते. तुला टोकाची जागा दिसत नाही."